समुद्राखालच्या जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर? केंद्राकडून राज्यांकडे गेलेला अमेरिकेचा सागरतळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टनमध्ये माझा दिवस समुद्रातल्या भाडेपट्ट्यांचे नकाशे बघण्यात जातो. कुणी विचारलं आणि मी सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला : "समुद्राचे कसले भाडेपट्टे?" गणपतीच्या पंगतीत, विमानतळावर, पुण्याहून आलेल्या फोनवर हेच. गेल्या काही वर्षांत आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे वकिलांनाही घाम फोडणारे आहेत. एक सावधगिरी : ही माहिती आहे, कायदेशीर सल्ला नाही.

१. समुद्राखालची जमीन म्हणजे नेमकी कुठली? पाण्याचा मालक आणि तळाचा मालक वेगळा असतो का?

असू शकतो. पाण्यावरून जहाज नेण्याचा हक्क, पाण्यातले मासे, तळाची माती आणि तळाखालचं तेल या चार वेगळ्या गोष्टी आहेत. आपण बोलतोय ते तळ आणि त्याखालच्या संपत्तीबद्दल. "बुडीत जमीन" म्हटलं की आपल्याला कोयना-उजनी आठवतं, म्हणजे आधी कोरडी होती आणि धरणात गेली. इथली जमीन मुळातच पाण्याखालची आहे.

तिचे तीन पट्टे लक्षात ठेवले की पुढचं सगळं सोपं जातं. पहिला पट्टा खाड्या, नद्या, बंदरं यांच्या तळाचा. दुसरा, खुल्या समुद्राच्या ओहोटीच्या रेषेपासून काही मैलांपर्यंतचा. तिसरा त्याच्याही पलीकडचा. पहिला पट्टा राज्यांचा, हे १८४५ पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलं आहे. तिसरा केंद्राचा. सगळी मारामारी मधल्या पट्ट्यावरून झाली, आणि १९५३ मध्ये कायद्याने तो राज्यांना मिळाला.

२. मधला पट्टा किती रुंद आहे?

बहुतेक राज्यांसाठी ३ सागरी मैल, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर. टेक्साससाठी आणि फ्लोरिडाच्या मेक्सिकोच्या आखाताकडच्या बाजूसाठी ९ सागरी मैल, म्हणजे पावणेसतरा किलोमीटरच्या आसपास. फ्लोरिडाच्या अटलांटिक बाजूला मात्र ३ च. (का, ते प्रश्न ६ मध्ये.) ग्रेट लेक्सच्या काठावरच्या राज्यांची हद्द थेट कॅनडाच्या सीमेला भिडते.

सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. रस्त्यावरचा मैल त्याहून लहान. टेक्सासची हद्द कुठे "९ मैल" लिहिलेली दिसते, कुठे "१०.३६ मैल", आणि लोक म्हणतात यातलं एक चुकलंय. दोन्ही बरोबर आहेत, मैल वेगळे आहेत. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका नकाशावर ९ साधे मैल मोजून रेघ ओढली होती आणि दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून मी फूटपट्टीआधी एकक बघते.

३. १९५३ च्या आधी ही जमीन कुणाची होती?

याचं उत्तर कुणाला विचारता त्यावर होतं, आणि तीच या प्रकरणाची गंमत आहे.

कॅलिफोर्नियात समरलँडच्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांनी लाकडी धक्के समुद्रात नेऊन त्यावरून तेलाच्या विहिरी खणल्या. पुढे राज्याने भाडेपट्टे दिले, पैसे घेतले. केंद्राने हरकत घेतली नाही. उलट १९३३ मध्ये केंद्राचे अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरल्ड इक्स यांनी एका अर्जदाराला लेखी कळवलं, की ३ मैलांच्या आतला तळ कॅलिफोर्नियाचा आहे, आमच्याकडे मागू नका. काही वर्षांत त्याच इक्स साहेबांचं मत फिरलं. मधल्या काळात तळाखाली किती तेल आहे याचा अंदाज सगळ्यांना आला होता, एवढंच मी म्हणेन.

१९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जाहीर केलं, की अमेरिकेच्या किनाऱ्याला लागून असलेल्या खंडमंचाखालची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ सागरतळाखालची, संपत्ती अमेरिकेच्या ताब्यात आहे. ही घोषणा जगाला उद्देशून होती. त्यात राज्य विरुद्ध केंद्र हा निवाडा नव्हता. तो १९४७ मध्ये आला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ओहोटीच्या रेषेपलीकडे कॅलिफोर्निया मालक नाही, तिथे केंद्राचे हक्क सर्वोपरी आहेत, कारण समुद्राकडून येणारा शत्रू आणि परराष्ट्राशी होणारा तंटा केंद्रालाच निस्तरावा लागतो. त्याच वर्षी लुइझियानाच्या किनाऱ्यापासून दूर, जमीन नजरेआड झाल्यावर, समुद्रात पहिली यशस्वी विहीर लागली. म्हणजे निकाल आणि तंत्र एकाच वर्षी आले.

मग १९५० मध्ये लुइझियाना आणि टेक्सास हरले. टेक्सासचं हरणं चटका लावणारं होतं. टेक्सास १८३६ ते १८४५ स्वतंत्र देश होता. "आमचा समुद्र आम्ही बरोबर घेऊन आलो," असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, की संघराज्यात येताना तुम्ही इतर राज्यांच्या बरोबरीने आलात, आणि बरोबरी म्हणजे समुद्रावरचा हक्क केंद्राकडे गेला. ज्या समानतेच्या तत्त्वाने राज्यांना खाड्या मिळतात, त्याच तत्त्वाने टेक्सासचा समुद्र गेला. इथल्या जुन्या लोकांसमोर हा विषय काढून बघा, अजून आवाज चढतो.

४. मग १९५३ मध्ये काय झालं? न्यायालयाने निकाल फिरवला का?

नाही. निकाल जसाच्या तसा राहिला. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून जमीनच राज्यांना देऊन टाकली.

हे आधी दोनदा करून बघितलं होतं. ट्रुमन यांनी १९४६ आणि १९५२ मध्ये नकाराधिकार वापरला. १९५२ च्या निवडणुकीत आयझेनहॉवर राज्यांच्या बाजूने बोलले, त्यांचे प्रतिस्पर्धी स्टीव्हन्सन राज्यांच्या विरोधात. टेक्सासचे गव्हर्नर ॲलन शिव्हर्स डेमोक्रॅट असूनही आयझेनहॉवर यांच्या मागे उभे राहिले. त्यात हा समुद्रतळ मोठं कारण होता. खुर्ची सोडायला चार दिवस उरले असताना, १६ जानेवारी १९५३ ला, ट्रुमन यांनी हा तळ नौदलाचा तेलसाठा म्हणून राखून ठेवण्याचा हुकूम काढला. जाता जाता दाराला कडी. ती टिकली नाही.

सिनेटमध्ये वेन मोर्स या विधेयकाविरुद्ध २२ तास २६ मिनिटं उभ्याने बोलले. अलाबामाचे लिस्टर हिल म्हणत होते, की हे तेल साऱ्या देशाचं आहे, त्याचे पैसे साऱ्या देशाच्या शिक्षणाला लावा. मला ही सूचना त्या गदारोळातली सगळ्यात शहाणी वाटते, पण मतं तिच्या बाजूने नव्हती. २२ मे १९५३ ला आयझेनहॉवर यांनी सही केली आणि मधला पट्टा राज्यांना मिळाला. ७ ऑगस्टला दुसरा कायदा आला, त्याने पलीकडचा सगळा खंडमंच केंद्राच्या नावावर पक्का केला. दोन्ही कायदे जोडीने वाचायचे.

एका कायद्याने असं दान देता येतं का, म्हणून अलाबामा आणि ऱ्होड आयलंड न्यायालयात गेले. १९५४ मध्ये उत्तर मिळालं, की केंद्राच्या मालमत्तेचं काय करायचं ते काँग्रेसने ठरवावं, त्यावर न्यायालयाची वेसण नाही. पुढचे बरेच प्रश्न इथेच सुटतात. राज्यांचा हा हक्क पूर्वापार चालत आलेला धरला जात नाही, तो कायद्याने मिळालेला आहे. म्हणून त्याची लांबी, रुंदी आणि अटी कायद्यातच शोधायच्या.

५. सगळे याला "टाइडलँड्स"चं भांडण म्हणतात. म्हणजे भरती-ओहोटीमधली जमीन ना?

शब्दाचा अर्थ तोच, पण नाव चुकीचं चिकटलं. भरती आणि ओहोटीच्या रेषांमधली ओली पट्टी, आपल्याकडची खाजणं असतात तशी जागा, या वादात कधी नव्हतीच. ती राज्यांचीच होती. वाद ओहोटीच्या रेषेपलीकडचा. "तुमचा समुद्रकिनारा वॉशिंग्टन घेणार" हे भाषणात टाळ्या घेतं, म्हणून नाव टिकलं.

६. टेक्सास आणि फ्लोरिडालाच तिप्पट का? लुइझियानाने काय घोडं मारलं होतं?

१९५३ च्या कायद्याने सगळ्यांना ३ मैल दिले आणि एक खिडकी उघडी ठेवली. एखादं राज्य संघात आलं तेव्हा त्याची हद्द यापुढे होती, किंवा काँग्रेसने तशी मान्य केली होती, असं सिद्ध झालं तर आखातात ३ लीगपर्यंत, म्हणजे ९ सागरी मैलांपर्यंत जा. अटलांटिक आणि पॅसिफिकमध्ये ही सवलत नाही.

१९६० मध्ये आखातावरची पाचही राज्यं कागद घेऊन उभी राहिली. टेक्सासने स्वतंत्र देश असताना डिसेंबर १८३६ मध्ये केलेला हद्दीचा कायदा दाखवला, त्यात किनाऱ्यापासून ३ लीग स्पष्ट लिहिलं होतं. फ्लोरिडाने यादवी युद्धानंतरची १८६८ ची राज्यघटना दाखवली, जी काँग्रेसने मान्य केली होती. दोघे जिंकले. लुइझियाना, मिसिसिपी आणि अलाबामाच्या कागदांत किनाऱ्यापासून अमुक अंतरातली बेटं आमची, असं होतं. न्यायालय म्हणालं, बेटं तुमची, मधलं पाणी नाही. गावाकडे बांधाच्या भांडणात आजोबांच्या वेळचा एक कागद निघतो आणि अर्धा एकर इकडचा तिकडे होतो, तसंच.

अटलांटिकवरच्या राज्यांनीही इंग्रज राजाच्या सनदा दाखवून प्रयत्न केला. १९७५ मध्ये मेनच्या नावाने चाललेल्या खटल्यात ती सगळी हरली.

७. जमीन दिली म्हणजे केंद्राचा काही संबंध उरला नाही का?

सातबारा डोळ्यांसमोर आणा. मालकाच्या रकान्यात राज्याचं नाव चढलं, पण "इतर अधिकार" या रकान्यात केंद्र ठाण मांडून बसलं आहे. जहाजवाहतूक, व्यापार, संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार यांसाठीचे अधिकार केंद्राने राखले. पाण्यापासून वीज काढण्याचा हक्कही राज्यांना दिला नाही.

काही तुकडे तर हस्तांतरातून वगळलेच आहेत : राज्य संघात येताना केंद्राने स्पष्टपणे स्वतःकडे ठेवलेली जमीन, केंद्राने स्वतःच्या वापरासाठी भराव घालून तयार केलेली जमीन, आणि मूळ रहिवासी जमातींसाठी केंद्राने सांभाळलेली जमीन. अलास्कात ग्लेशिअर बेचा तळ याच वगळलेल्या गटात पडतो, असं २००५ मध्ये ठरलं.

उलटंही घडलं आहे. कॅलिफोर्नियाच्या चॅनल आयलंड्सभोवतीचा एक मैल पाणपट्टा राष्ट्रीय स्मारकात होता, म्हणून केंद्र त्यावर हक्क सांगत होतं. १९७८ मध्ये न्यायालयाने तो तळ १९५३ च्या कायद्याने कॅलिफोर्नियाला गेल्याचं सांगितलं.

८. हद्द कुठून मोजतात? किनारा खचला तर हद्दही मागे सरकते का?

किनाऱ्याच्या नेहमीच्या ओहोटीच्या रेषेपासून. आणि जिथे खाडी-उपसागर आहे तिथे त्याच्या तोंडावर काढलेल्या रेषेपासून. वाचायला सोपं आहे. आता टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या वाळूवर उभे राहा. इथे भरती-ओहोटीत फरक जेमतेम फूट-दीड फुटाचा. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, इथे तसं काही दिसत नाही. वाळू इतकी सपाट, की पाणी चार बोटं उतरलं तरी रेषा कितीतरी पावलं मागे जाते. सकाळी वाहून आलेल्या तपकिरी शेवाळाची एक ओळ पडलेली असते, लोकांना वाटतं हीच ती रेषा. ती नव्हे, ती भरतीची खूण. ओहोटीची रेषा म्हणजे वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी. ती डोळ्यांना दिसत नाही, गणितातून काढावी लागते.

आणि हो, किनारा हलला की हद्द हलते. टेक्सासला ते नको होतं, कारण किनारा झिजत होता. त्यांचं म्हणणं, १८४५ चा किनारा धरा. १९६९ मध्ये न्यायालय म्हणालं, आजचा धरा. त्याआधी, १९६७ मध्ये, टेक्सासने समुद्रात घुसलेल्या दगडी जेटींच्या टोकापासून ३ लीग मोजायला मागितले होते, तेही फेटाळलं. जुना किनारा नाही आणि नवी जेटीही नाही.

सरकत्या हद्दीवर तेलाचा पट्टा द्यायचा तर वकिलांचंच भलं. म्हणून १९८६ मध्ये सुधारणा झाली : सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्यात अक्षांश-रेखांश देऊन हद्द आखली असेल, तर ती तिथेच गोठते, किनारा कुठेही जावो. लुइझियानासारख्या भराभर खचणाऱ्या किनाऱ्यासाठी हे वरदानच.

९. मग समुद्रात भराव घालून किंवा धक्का बांधून राज्य आपली हद्द पुढे ढकलू शकतं का?

कल्पना सुचलेले तुम्ही पहिले नाही. नैसर्गिक किनाऱ्याला जोडलेली कायमची बंदर-बांधकामं सर्वसाधारणपणे किनाऱ्याचा भाग धरली जातात, त्यामुळे ३ मैलांची रेघ पुढे जाऊ शकते. (टेक्सासच्या ३ लीगला हे लागू नाही, ते प्रश्न ८ मध्ये आलंच.) पाण्याखाली उकरलेला जहाजांचा मार्ग मात्र किनारा ठरत नाही.

पण समुद्रात बांधायला केंद्राच्या लष्करी अभियंत्यांचा परवाना लागतो. अलास्कातल्या नोम गावाने बंदर बांधायला परवाना मागितला, तेव्हा केंद्राने अट घातली : या बांधकामामुळे हद्द पुढे गेली तरी जास्तीच्या तळावर राज्याने हक्क सांगायचा नाही. अलास्काने निषेध नोंदवून लिहून दिलं, मग भांडलं. १९९२ मध्ये न्यायालयाने अट वैध ठरवली. बांध कोरायला परवानगी मागायची ती शेजाऱ्याकडेच, म्हटल्यावर दुसरं काय होणार.

१०. समुद्रात छोटंसं बेट असेल तर त्याच्याभोवतीही ३ मैल मिळतात का?

मिळतात, पण ते बेट असलं पाहिजे. अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात डिंकम सँड्स नावाचा वाळू-खडी-बर्फाचा उंचवटा आहे. तो बेट ठरला असता तर त्याच्याभोवतीचा तेलाच्या दृष्टीने मोलाचा तळ राज्याचा झाला असता. पंचाईत अशी, की आतला बर्फ वितळला की तो खाली बसतो. दोन्ही सरकारांनी १९८१ मध्ये मिळून त्याची मोजणी करवून घेतली. १९९७ मध्ये निकाल आला : जे सर्वसाधारणपणे भरतीच्या सरासरी पातळीवर डोकं काढून नसतं, ते बेट नव्हे. कधीमधी वर येणं पुरत नाही. बर्फात काही इंच मोजणाऱ्या त्या पथकाचा मला हेवाही वाटतो आणि कीवही येते.

११. रेगन यांनी १९८८ मध्ये सागरी हद्द १२ मैल केली ना? मग राज्यांचे मैल वाढले असतील.

नाही. १२ सागरी मैल ही देशाची परदेशांशी असलेली हद्द. त्या घोषणेतच लिहिलं आहे, की देशांतर्गत हक्कांत यामुळे बदल होत नाही. राज्याची रेघ १९५३ च्या कायद्यात, देशाची घोषणेत. दोन वेगळे कागद.

१२. हद्दीपलीकडे केंद्राच्या पाण्यात तेल निघालं, तर शेजारच्या राज्याला काहीच नाही?

पूर्वी जवळजवळ नाहीच. तेलाला रेघ कळत नाही, हा मुख्य वाद. केंद्राच्या विहिरीने राज्याच्या बाजूचं तेलही ओढलं तर? म्हणून १९८६ पासून राज्याच्या हद्दीला लागून असलेल्या ३ सागरी मैलांच्या पट्ट्यातल्या केंद्रीय उत्पन्नातला २७ टक्के वाटा राज्याला मिळतो. त्यापलीकडच्या खोल पाण्यासाठी २००६ चा कायदा आहे. आखातातल्या ठरावीक पट्ट्यांच्या उत्पन्नाचे ३७.५ टक्के टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी आणि अलाबामाला जातात, वर वार्षिक कमाल मर्यादा आहे. फ्लोरिडा या यादीत नाही, त्याला आपल्या किनाऱ्यासमोर विहिरी नकोत.

नुकसान मात्र टक्केवारीने येत नाही. १९६९ ची कॅलिफोर्नियातली सांता बार्बराची तेलगळती आणि २०१० ची आखातातली डीपवॉटर होरायझनची दुर्घटना, दोन्ही विहिरी केंद्राच्या पाण्यात होत्या. तेल राज्यांच्या वाळूवर आलं.

१३. मासेमारीची हद्दही हीच का?

बहुतेक ठिकाणी हीच, पण डोळे झाकून नको. १९५३ च्या कायद्याने मासे, कोळंबी, कालवं, खेकडे, शेवंड, अगदी समुद्री शेवाळाचंही व्यवस्थापन त्या पट्ट्यात राज्यांकडे दिलं. मात्र लुइझियाना, मिसिसिपी आणि अलाबामाला खडकाळ तळावरच्या माशांसाठी, त्यात लोकांचा लाडका रेड स्नॅपर आला, नंतर काँग्रेसने ९ मैल दिले. म्हणजे या तीन राज्यांत तेलाची रेघ ३ मैलांवर आणि स्नॅपरची ९ वर. गळ टाकणाऱ्यांनी परवाना बघताना दोन्ही तपासाव्यात.

१४. समुद्रातल्या पवनचक्क्या कुणाच्या अखत्यारीत?

तळ ज्याचा, भाडेपट्टा त्याचा. ऱ्होड आयलंडजवळचा ब्लॉक आयलंडचा पाच पवनचक्क्यांचा प्रकल्प, २०१६ चा, राज्याच्या पाण्यात आहे. त्यानंतरचे मोठे प्रकल्प केंद्राच्या पाण्यात. पण पवनचक्की कितीही दूर असो, तिची वीज आणणारी केबल शेवटचे ३ मैल राज्याच्या तळावरूनच येणार. तिथे राज्य हो म्हटल्याशिवाय केबल किनाऱ्याला लागत नाही.

१५. राज्याच्या तळात रुतलेलं जुनं जहाज सापडलं तर सोनं-नाणं कुणाचं?

बेवारस आणि तळात रुतलेलं असेल, तर १९८७ च्या कायद्याने केंद्र आधी मालक होतं आणि त्याच क्षणी मालकी राज्याला देतं. कागदावर हस्तांतराचा असा झटपट प्रयोग मी दुसरा पाहिला नाही. "सापडेल त्याचं" हा नियम इथे चालत नाही.

अपवाद परकीय सरकारच्या जहाजांचा. टेक्सासच्या माटागोर्डा उपसागरात १६८६ मध्ये बुडालेलं ला बेल हे फ्रेंच जहाज १९९५ मध्ये सापडलं. उपसागर टेक्सासचा, तळ टेक्सासचा, खोदकाम टेक्सासचं. फ्रान्स म्हणाला, जहाज आमच्या राजाचं. २००३ च्या करारात मालकी फ्रान्सची आणि सांभाळ टेक्सासकडे, असं ठरलं.

१६. ग्वाम, पोर्टो रिको ही राज्यं नाहीत. त्यांना काही मिळालं का?

१९५३ च्या कायद्याने नाही. नंतर मिळालं, पण प्रत्येकाची वाट वेगळी. ग्वाम, व्हर्जिन आयलंड्स आणि अमेरिकन समोआला १९७४ च्या कायद्याने ३ मैल मिळाले. पोर्टो रिकोची हद्द ३ लीग. नॉर्दर्न मारियाना बेटं न्यायालयात हरली, मग २०१३ मध्ये काँग्रेसने त्यांनाही ३ मैल दिले. आधी हरायचं आणि मग कायद्याने मिळवायचं, हा कॅलिफोर्नियाचाच कित्ता.

१७. राज्य हा तळ विकून टाकू शकतं का?

भाडेपट्ट्याने देऊ शकतं. सगळाच्या सगळा फुंकून टाकणं अवघड आहे. इलिनॉयने शिकागोसमोरचा सरोवराचा तळ एका रेल्वे कंपनीला बहाल केला होता. १८९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की असा तळ राज्य जनतेचा विश्वस्त म्हणून धरतं, तो झटकून देता येत नाही. टेक्सासमध्ये समुद्रतळाचं तेल-वायूचं उत्पन्न सरकारी शाळांच्या कायम निधीत जातं. माझ्या मुलीच्या शाळेची वही थोडीफार या चिखलातून आली आहे, असं मी तिला सांगते. तिला ते फारसं पटत नाही.

१८. मग मुंबई हायचं तेल महाराष्ट्राचं का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि सहसा जरा रागात. मुंबई हाय १९७४ मध्ये लागलं, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर. अमेरिकेचा नियम लावला तरी ते केंद्राच्याच पाण्यात पडलं असतं. पण भारतात जवळच्या पाण्याचाही प्रश्न येत नाही. राज्यघटनेच्या कलम २९७ ने समुद्राखालची जमीन आणि खनिजं पहिल्यापासूनच संघराज्याकडे ठेवली. पुढे दुरुस्त्या होऊन त्यात खंडमंच आणि २०० सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्रही आलं. त्यामुळे जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी आसाम-गुजरातला मिळते, समुद्रातली केंद्राकडे जाते.

मासेमारीचं वेगळं. १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा चालतो, महाराष्ट्राचा १९८१ चा. म्हणजे अलिबागच्या कोळ्याच्या जाळ्यावर मुंबईतून नियम, आणि जाळ्याखालच्या मातीवर दिल्लीतून. अमेरिकेत जे न्यायालय, निवडणूक आणि नकाराधिकारांतून सुटलं, ते आपल्याकडे घटनेच्या एका कलमाने आधीच मिटवलं. महाराष्ट्राला वाटा मिळावा असं म्हणायला हरकत नाही, पण ती मागणी न्यायालयात करून भागणार नाही. घटनादुरुस्ती किंवा संसदेने मनावर घेणं, एवढेच रस्ते.

१९. दिलेली जमीन केंद्र परत घेऊ शकतं का? युद्ध वगैरे झालं तर?

नुसत्या हुकुमाने नाही. १९५३ च्याच कायद्यात तरतूद आहे : युद्धकाळात किंवा संरक्षणासाठी गरज पडली तर तिथून निघालेली संपत्ती विकत घेण्याचा पहिला हक्क केंद्राचा, तोही चालू बाजारभावाने. जमीन हवी असेल तर रीतसर संपादन करून योग्य मोबदला द्यायचा. आणि जहाजांची वाट मोकळी ठेवायला तळ उकरायचा असेल, तर तो केंद्राचा जुनाच हक्क आहे, त्यासाठी राज्याला दमडी मिळत नाही.